दुसऱ्या संधीचा भाव

२६ एप्रिल २०२३ रोजी पिट्सबर्गच्या मैदानावर सगळे प्रेक्षक एका अशा बॅटरसाठी उभे राहिले, ज्याने तोवर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, एकही चेंडू खेळलेला नव्हता. ड्रू मॅगी, वय ३३. मेजर लीगच्या संघांना खेळाडू पुरवणाऱ्या खालच्या मायनर लीगमध्ये तेरा हंगाम आणि अकराशेहून जास्त सामने खेळून तो इथवर पोहोचला होता. लोक त्याच्या नावाचा घोष करत राहिले आणि तो स्ट्राइकआऊट होऊन डगआऊटमध्ये परतला. टाळ्या तरीही थांबल्या नाहीत. बाद होऊन परतणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो.

ते दृश्य पाहताना माझ्याही घशात आवंढा आला. दुसऱ्या दिवशी मात्र त्या घटनेवर जे लिहिलं-बोललं गेलं, त्याने मी अस्वस्थ झालो. चिकाटी, श्रद्धा, हार न मानणारं मन हेच सगळीकडे. त्याला ही जागा मिळाली कशी, तर संघातला एक नियमित खेळाडू घरच्या दुःखद प्रसंगामुळे काही दिवसांच्या रजेवर गेला होता म्हणून. तेरा वर्षांची तपश्चर्या आणि त्या आठवड्यात नेमकी रिकामी झालेली खुर्ची, या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा तो मैदानावर आला. आपण गोष्ट सांगताना तपश्चर्या ठेवतो आणि खुर्ची गाळतो.

व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या जीवनप्रवासाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. तिथे ज्याला मनोबळ म्हणून गौरवलं जातं, त्याचा बराच मोठा भाग हा मिळालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या संधीचा हिशेब असतो. ही संधी कोणाला द्यायची हे ठरवताना कोणी मन तपासत नाही. त्या माणसावर आधीच किती पैसा लावलाय, तो कोणाच्या ओळखीतला आहे, हे पाहिलं जातं. खेळाडूची मानसिकता हा म्हणूनच केवळ मानसशास्त्राचा विषय राहत नाही. तो मजुरीचा, कराराचा आणि कायद्याचाही विषय आहे.

मन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. बेसबॉलइतका मनाला पोखरणारा खेळ शोधूनही सापडायचा नाही. पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर यांच्यात अंतर १८.४४ मीटर. ताशी दीडशे किलोमीटरने सुटलेला चेंडू बॅटरपाशी यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. दहापैकी तीनदा यशस्वी झालेला माणूस उत्तम बॅटर समजला जातो. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ ची, म्हणजे दहात चारहून जास्त यशाची, सरासरी गाठली. त्यानंतर मेजर लीगच्या आजच्या दोन शाखांत, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, पूर्ण हंगामात .४०० कोणालाच जमलेलं नाही. अपयश हा या खेळाचा रोजचा शिधा आहे, आणि तो सहा महिन्यांत १६२ सामने खावा लागतो. क्रिकेटमध्ये एका डावात शतक ठोकलं की मागचे चार भोपळे माफ होतात. बेसबॉल तेवढा दिलदार नाही.

पिचरचं दुखणं वेगळं. स्टीव्ह ब्लास १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीचा, नायक, १९७२ मध्ये १९ सामने जिंकलेला. १९७३ मध्ये त्याला साधा स्ट्राइक, म्हणजे बॅटरला मारता येईल असा नेमका चेंडू, टाकता येईना. ८८ इनिंगमध्ये त्याने ८४ बॅटर फुकट पहिल्या बेसवर धाडले. खांदा ठीक, कोपर ठीक, डॉक्टरांना काही सापडेना. तेव्हापासून अमेरिकेत या विकाराला त्याचंच नाव चिकटलं आहे. माणसाच्या वाट्याला अशीही अमरता येते.

रिक अँकिएलचं त्याहून वाईट झालं, कारण ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. ३ ऑक्टोबर २०००, प्लेऑफचा पहिला सामना. अँकिएल २१ वर्षांचा, सेंट लुईस कार्डिनल्सचा सगळ्यात होनहार पिचर. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याच्या हातून पाच चेंडू असे सुटले की कॅचरला (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याला) आवरता आले नाहीत. आदल्या आठवड्यातला तोच हात, तोच खांदा. आपल्याला न विचारता चालणारी कृती एकदा जाणिवेच्या पकडीत सापडली की काय होतं, ते त्या इनिंगमध्ये दिसलं. जिना उतरताना पायऱ्यांकडे लक्ष देऊन पाहा, कळेल.

पुढे तो पिचर म्हणून कधी सावरला नाही. पण कार्डिनल्सने त्याला आउटफिल्डर (मैदानाच्या कडेचा क्षेत्ररक्षक) केला, मायनर लीगमध्ये खेळवला, वाट पाहिली. ऑगस्ट २००७ मध्ये तो बॅटर म्हणून परतला आणि पहिल्याच सामन्यात होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला. मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर ७६ होम रन आहेत. ही गोष्ट खरी आणि थक्क करणारी आहे. जिद्दीचे धडे देणाऱ्यांची ती लाडकी असणारच. माझा प्रश्न बारीक आहे: कार्डिनल्स एवढी वर्षं थांबले का? १९९७ मध्ये त्याला करारबद्ध करताना त्यांनी २५ लाख डॉलर मोजले होते. हजार-दोन हजार डॉलरवर घेतलेल्या मुलाच्या हातून असे पाच चेंडू सुटले असते, तर तो सात वर्षांनी आउटफिल्डमधून परतला नसता. त्याला पुढच्या वसंतात सामान आवरायला सांगितलं असतं. त्याचं मन अँकिएलपेक्षा कणखर होतं की नव्हतं, हे आपल्याला कधीच कळलं नसतं. कळायची वेळच आली नसती.

झॅक ग्रिन्की हे याचं आणखी स्वच्छ उदाहरण. २००६ च्या सरावशिबिरातून तो उठून निघून गेला. सामाजिक भयगंड आणि नैराश्य असं निदान झालं. कॅन्सस सिटी रॉयल्सने त्या काळाच्या मानाने फार समजूतदारपणा दाखवला: जा, बरा हो, जागा ठेवतो. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, तो सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला आणि डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅरिझोनाने त्याच्याशी २० कोटी डॉलरहून मोठा करार केला. रॉयल्सचं कौतुक मी मनापासून करतो. पण ग्रिन्की २००२ च्या ड्राफ्टमधला (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड) एकूण सहावा खेळाडू होता, हेही सोबत लिहिलं पाहिजे. उपचारांसाठी मिळालेली ती रजा म्हणजे माणुसकी होती आणि गुंतवणूक वाचवणंही होतं. त्याच शिबिरात, त्याच आजाराने आतून खचलेला पण ड्राफ्टच्या तळातून आलेला मुलगा असेल, तर त्याने तोंड मिटूनच ठेवलं असेल. आणि त्या मिटलेल्या तोंडालाच तिथे कणखरपणा म्हणतात.

आता माइक पियाझा. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये ६२ व्या फेरीत, एकूण १,३९० वा. तिथून बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये. तळातून शिखरावर गेलेल्या माणसाची याहून झकास गोष्ट रचूनही सापडणार नाही. फक्त मधली एक ओळ बहुतेक वेळा हलक्या आवाजात सांगितली जाते. लॉस एंजेलिस डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे जुने स्नेही होते आणि त्यांच्याच शब्दाखातर त्याला निवडलं गेलं. पियाझाने मेहनत केली नाही असं कोण म्हणेल? फर्स्ट बेस सोडून कॅचर होण्यासाठी तो डॉजर्सच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादमीत जाऊन राहिला, जिथे बहुतेकांना त्याची भाषा येत नव्हती. ४२७ होम रन ओळखीवर मारता येत नाहीत. पण मेहनत दाखवायला मैदान लागतं आणि ते मैदान ओळखीने मिळालं. ६१ फेऱ्यांत कोणीच न निवडलेल्या, पण लसोर्डा नावाचा काका नसलेल्या मुलांमध्ये दुसरा पियाझा नव्हताच, असं छातीठोकपणे सांगता येईल का?

सगळ्यात बोलका पुरावा मायकल जॉर्डनचा. स्पर्धेच्या जगात त्याच्याइतकं पोलादी मन दुसऱ्या कोणाचं असेल असं मला वाटत नाही. १९९४ मध्ये, ३१ व्या वर्षी, बास्केटबॉल सोडून तो शिकागो व्हाइट सॉक्सच्या बर्मिंगहॅममधल्या डबल-ए संघात खेळायला गेला (मायनर लीगच्या पातळ्या चढत्या क्रमाने सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए). १२७ सामने, सरासरी .२०२, तीन होम रन, ११४ स्ट्राइकआऊट. मनावरच सगळं असतं, तर त्या उन्हाळ्यात त्याने डबल-ए जाळून टाकलं असतं. कुत्सितपणे हे लिहीत नाही. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करून .२०२ हे मला तर फार मोठं यश वाटतं. दुसरी बाजू अशी की त्याचा बास्केटबॉल संघ बुल्स आणि व्हाइट सॉक्स या दोन्हींचा कारभार जेरी राइन्सडॉर्फ यांच्याच हाती होता आणि जॉर्डनचा बास्केटबॉलचा पगार त्या वर्षीही चालू राहिला. एकतीस वर्षांच्या, .२०२ वाल्या दुसऱ्या कोणाला पूर्ण हंगाम खेळवलं असतं का? (जाता जाता: १९९५ च्या वसंतात खेळाडूंचा संप चालू असताना संपफोड्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही म्हणून त्याने शिबिर सोडलं. त्याच्या मानसिकतेचा हा पैलू भाषणांत ऐकू येत नाही.)

घोडं पेंड खातं ते मजुरीपाशी. २०२० पर्यंत सिंगल-ए पातळीवरचा किमान पगार होता आठवड्याला २९० डॉलर. तोही फक्त हंगामापुरता, म्हणजे पाचेक महिने. वसंतातल्या सरावशिबिराचे पैसे नाहीत आणि हिवाळ्यात व्यायाम करत स्वतःला तयार ठेवायचं त्याचेही नाहीत. वर्षाची बेरीज साधारण सहा हजार डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेत एकट्या माणसाची सरकारी दारिद्र्यरेषा १२,७६० डॉलर होती. मुलं एका खोलीत पाच-सहा जण गाद्या टाकून झोपत, हिवाळ्यात गोदामात किंवा दुकानात काम करत, आणि मार्चमध्ये शिबिरात हजर होऊन ०.४ सेकंदात निर्णय घ्यायला सज्ज असत. त्यांना मग व्याख्यान मिळे: जे आपल्या हातात आहे त्यावर लक्ष द्या. सल्ला खोटा नाही. पण त्यांच्या हातात होतं तरी काय?

बेसबॉलमधल्या कित्येकांना मनापासून वाटतं की हालअपेष्टा हीच शाळा आहे, सुखसोयी दिल्या तर पोरं मऊ पडतील. मालकांच्या वकिलांनी हाच विचार कोर्टात जरा सभ्य भाषेत मांडला: हे कामगार नाहीत, शिकाऊ आहेत, प्रशिक्षण हाच त्यांचा मोबदला. या युक्तिवादाची कसोटी सोपी आहे. भूक खरोखर गुणकारी असेल, तर ती सगळ्यांत आधी ज्यांच्यावर लाखो डॉलर लावलेत त्यांना द्यायला हवी होती. पण पहिल्या फेरीतल्या मुलांना संघ लाखो डॉलरचा बोनस देतात. भुकेचं औषध पंचविसाव्या फेरीपासून पुढेच लागू पडायचं, हे कोणत्या वैद्यकात बसतं?

कायद्याचा इतिहासही या मानसिकतेत मुरलेला आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाच्या संघाकडे धाडायचं ठरवलं. फ्लड म्हणजे बारा वर्षं त्या शहरात खेळलेला, वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा, मैदानावर कधी कच न खाल्लेला खेळाडू. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर (मुख्य प्रशासक) बोवी क्यून यांना पत्र लिहिलं: मी माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यायची-विकायची मालमत्ता नाही. मग कोर्टात गेला. १९७० चा हंगाम गमावला, पगार गमावला, पुढे देश सोडून गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ ने हरला. खटल्यात साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला, तोवर निवृत्त झालेला, आजारी. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टाची पायरी चढला नाही.

मनोधैर्याचं याहून मोठं उदाहरण बेसबॉलच्या इतिहासात रॉबिन्सनचंच असेल. दोघांच्या वाट्याला आलेला गौरव मात्र तोलून पाहा. १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडताना रॉबिन्सनने सुरुवातीला शिव्या गिळल्या, उलट उत्तर दिलं नाही. आज त्याचा ४२ क्रमांक प्रत्येक संघाने कायमचा राखून ठेवला आहे. फ्लडने उत्तर दिलं. तो अजून हॉल ऑफ फेमच्या बाहेर आहे. खरं तर रॉबिन्सनही नंतर आयुष्यभर बोलत राहिला, भांडत राहिला, पण सोहळ्यांमध्ये त्याची सोसणारी वर्षं जास्त दिसतात. सोसणाऱ्या मनाचा पुतळा उभारणं मालकांना परवडतं. सवाल करणाऱ्या मनाचा खर्च त्यांच्या खिशातून जातो.

फ्लड हरला, तरी तीन वर्षांनी लवादाच्या निर्णयाने मेजर लीगच्या खेळाडूंची एकाच संघाला बांधून ठेवणारी बेडी तुटली. मायनर लीगवाले मात्र मागेच राहिले. २०१४ मध्ये माजी खेळाडू अ‍ॅरन सेन आणि इतरांनी किमान वेतनासाठी खटला भरला. त्यांचा एक वकील, गॅरेट ब्रोशस, स्वतः मायनर लीगमध्ये पिचर होता. २०१८ मध्ये संसदेने दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चविधेयकात एक कलम सरकवलं आणि या खेळाडूंना संघराज्याच्या वेतन कायद्याच्या संरक्षणातून जवळपास वगळून टाकलं. कलमाचं नाव ऐका: ‘सेव्ह अमेरिकाज पास्टाइम अ‍ॅक्ट’. राष्ट्रीय विरंगुळा वाचवायचा तो आठवड्याला २९० डॉलरवाल्यांपासून! पण जुना खटला चालू राहिला आणि २०२२ मध्ये मालकांनी १८.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलर, सिंगल-एचा ११ हजारांवरून २६,२०० वर. राहण्याची सोय संघाने करायची हे २०२२ च्या हंगामापासूनच लागू झालं होतं.

तरीही मधली दरी बघण्यासारखी आहे. त्या वर्षी मेजर लीगमधला किमान पगार ७,२०,००० डॉलर होता, म्हणजे ट्रिपल-एच्या वीसपट. वरच्या यादीवर एक आठवडा राहिलेल्या माणसाची किमान कमाई खालच्या जुन्या वर्षभराच्या पगाराहून जास्त भरते. मॅगीच्या त्या एका बॅटिंगमागे केवढं ओझं होतं ते आता नीट मोजता येईल. आणि वर जाण्याची तारीख गुणांवरच ठरते असंही नाही. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगामाचे पहिले काही दिवस मायनर लीगमध्ये ठेवलं. वर्षाअखेर पूर्ण सेवावर्षाला त्याला एक दिवस कमी पडला आणि तो हवा तो संघ निवडायला मुक्त होण्याची वेळ एका वर्षाने लांबली. त्याचं क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे, असं कारण सांगितलं गेलं. त्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने तक्रार केली, ती फेटाळली गेली. खेळाडूने आपली तयारी मनात तपासत बसावं आणि निर्णय कॅलेंडर बघून व्हावा, यात मानसिकतेचा कस कोणाच्या लागतो?

सुरक्षिततेने मन मऊ पडतं म्हणणाऱ्यांना २०२३ ची आणखी एक गोष्ट सांगतो. हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत डॅनियल बार्ड, ऑस्टिन मेडोज आणि ट्रेव्हर मे हे तिघे चिंताविकाराचं कारण उघड सांगून इंज्युर्ड लिस्टवर (जायबंदी खेळाडूंच्या यादीवर) गेले. बार्डचा इतिहास तर अँकिएलच्या जवळचा: चेंडूवरचा ताबा सुटला, २०१७ मध्ये निवृत्त झाला, दुसऱ्या एका संघात खेळाडूंच्या मानसिक तयारीचा मार्गदर्शक म्हणून काम केलं, २०२० मध्ये कोलोरॅडोकडून परतला. दुसऱ्यांना मन सांभाळायला शिकवणाऱ्या माणसालाही ते पुन्हा सांभाळता आलं नाही, यात मला लाजिरवाणं काही दिसत नाही. तो ते उघडपणे बोलू शकला, ही मोठी गोष्ट. पण त्याच्या खिशात दोन वर्षांचा १.९ कोटी डॉलरचा पक्का करार होता, इंज्युर्ड लिस्टवरही पगार मिळणार होता. तिघांच्या धैर्याला कमी न लेखता म्हणतो, प्रामाणिकपणालासुद्धा जमीन लागते. डबल-एमधल्या विशीतल्या मुलाने सकाळी तेच वाक्य उच्चारलं तर संध्याकाळपर्यंत आपली खोली आपली राहील का, हे त्याला आधी मोजावं लागतं.

२०२३ च्या करारावर मी खूश आहे, पूर्ण नाही. पगार वाढवून घेताना संघटनेने एक गोष्ट सोडली: प्रत्येक संघाला अमेरिकेतल्या मायनर लीगसाठी ठेवता येणाऱ्या खेळाडूंची कमाल संख्या २०२४ पासून १८० वरून १६५ वर आली. तीस संघ, म्हणजे साडेचारशे जागा. ड्राफ्ट तर आधीच ४० फेऱ्यांवरून २० वर आला आहे आणि मेजर लीगशी संलग्न मायनर संघ १६० वरून १२० वर. ६२ वी फेरी आता मित्राच्या मुलासाठीही उरलेली नाही. संघटनेपुढे दुसरा पर्याय होता का, मला सांगता येत नाही. थोड्यांना पोटभर की पुष्कळांना अर्धपोटी, हा पेच वाटाघाटीच्या टेबलावर मालकांनीच मांडला असणार आणि तो मान्य करावा लागला. पण तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा वर येणारा माणूस कापलेल्या त्याच पंधरांमधून येत असे.

आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये चालणाऱ्या डॉमिनिकन समर लीगमधली मुलं या करारात मुळातच नाहीत. तीसच्या तीस संघांच्या अकादमी त्या देशात आहेत. सोळाव्या वर्षी सही होते, बोनसमधला मोठा वाटा मुलाला लहानपणापासून घडवणारा स्थानिक प्रशिक्षक घेतो, आणि तोवर शाळा बहुधा सुटलेली असते. अकादमीत इंग्रजीचे वर्ग असतात, जेवण असतं, मन खंबीर कसं ठेवायचं याचे धडेही असतात. त्यांतल्या बहुतेकांना विशीच्या आसपास घरी पाठवलं जातं. मॅगीला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या त्या मैदानावर त्यांच्यापैकी एखादाच पोहोचतो, आणि तो पोहोचला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्याला त्याच्या जिद्दीबद्दल विचारला जातो.